येते म्हणाल्या, मी म्हटलं या

काकू माझ्या कुणी लागत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण विमानात बसल्यापासून ज्याचा त्याचा मला एकच प्रश्न, "आई का गं तुझी?" आणि दर वेळी माझ्या डोक्यात तिडीक जायची. आई असती तर तिला घरी ठेवून आले असते. काकूंना घरी ठेवणं माझ्या हातात नव्हतं. त्या माझ्या वर्गात होत्या.

वर्ग कवळ्या बनवायचा. दातांचं डॉक्टर व्हायला मार्क कमी पडले की माणूस आमच्याकडे येतो. मेणात दात लावा, प्लास्टरचे साचे काढा, हिरड्यांचा रंग जमवा. आम्ही सगळे वीस-एकवीस वर्षांचे, आणि पहिल्या बाकावर पंचेचाळिशी ओलांडलेली ही बाई, कोपरापर्यंत बाह्या सरसावून. नाव हजेरीपटावर असेल, आम्ही पहिल्या दिवसापासून काकूच म्हणायचो. मला त्या चिमटा म्हणायच्या. मी बोलते कमी आणि चावते जास्त, असं त्यांचं मत होतं, आणि वर्गानं ते एकमतानं उचलून धरलं.

काकूंचं सगळं आयुष्य कवळ्यांच्या एका कारखान्यात मागच्या हौदापाशी गेलं होतं. लोकांच्या जबड्यांचे साचे धुवायचे, रबरी वाटीत प्लास्टर कालवायचं, पांढरे हात घेऊन घरी यायचं. पुढच्या बाजूला खिडकीशी एक टेबल होतं. दात लावायचं काम तिथं. तिथं उजेड, तिथं पाठ टेकायला खुर्ची. हौदापाशी नुसतं स्टूल. काकूंचं लग्न झालं, मुलगा झाला, नवरा वारला, सून आली, काकू आपल्या स्टुलावर. मग एकदा मालक म्हणाला, रीतसर शिकून या, ते परदेशातलं तीन महिन्यांचं प्रशिक्षण पुरं करून या, खिडकीजवळची खुर्ची तुमची. मालक बहुधा थट्टेनं बोलला असावा. काकूंनी ते मनावर घेतलं आणि कॉलेजात येऊन बसल्या. दोन वर्षांनी त्याच प्रशिक्षणासाठी आमचा वर्ग विमानात बसला. त्या खुर्चीबद्दल आम्ही इतकं ऐकलं होतं की तिची गादी कुठं उसवली आहे तेही मी सांगितलं असतं. विमानातल्या हवाई सुंदरीलाही काकूंनी खुर्ची ऐकवली. मराठीत.

त्यांच्या दोन खोडी होत्या. एक म्हणजे माणसाचा चेहरा त्या बघायच्याच नाहीत, तोंड बघायच्या. "तो सुळा पुढं आलेला मुलगा" म्हटलं की आमच्या वर्गातला लंबू, हे आम्ही ओळखायला शिकलो होतो. दुसरी खोड म्हणजे 'जाते' हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही. तसं कुणाच्याच घरी निघताना 'जाते' म्हणत नाहीत, पण काकूंची तऱ्हा न्यारी. नवी नवरी असताना कामावर निघताना त्या "जाते मी" म्हणाल्या, तर सासूबाईंनी दंडाला धरून आत ओढलं, चपला काढायला लावल्या, बसवलं, पाणी पाजलं आणि म्हणाल्या, "आता नीट सांगून नीघ." बस चुकली, कामावर बोलणी खाल्ली. तेव्हापासून काकू शेजारच्या खोलीत निघाल्या तरी "येते गं." आम्ही म्हणायचो, "काकू, येताय कुठून? अजून गेलाच नाहीत!" त्या हसायच्या. त्यांचे स्वतःचे दात मात्र सुरेख होते.

आता पहिला दिवस.

सकाळी वसतिगृहाच्या दारात सरांनी आम्हाला उभं केलं. सर आमच्याच कॉलेजचे, स्वभावानं गरीब, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पडलेला होता. म्हणाले, "फिरा, शहर बघा, पण एक नीट ऐका. मागच्या वर्षीच्या गटातला एक मुलगा पहिल्याच दिवशी फिरायला म्हणून गेला तो आजतागायत परत आलेला नाही. इथल्या संस्थेनं आपल्याला पुन्हा घेतलं हेच नशीब. त्यांची अट आहे. संध्याकाळी दिवे लागले की हजेरी. हजेरीला जो नसेल त्याचं प्रशिक्षण रद्द, मिळेल त्या विमानानं घरी. मी मध्ये पडू शकणार नाही. दोघादोघांनी फिरायचं. चुकामूक झाली तर इकडेतिकडे पळायचं नाही. जोडीदाराला जिथं शेवटचं पाहिलं तिथंच थांबायचं."

मी बुटाची नाडी बांधून वर बघते तो जोड्या जुळलेल्या. मला उरल्या काकू. वसतिगृहाचा पत्ता छापलेलं कार्ड सरांनी जोडीला एक दिलं, ते माझ्याकडे, कारण मला इथली भाषा थोडी वाचता येते. फोन होते, पण इथली सिमकार्डं दुसऱ्या दिवशी मिळायची होती. तोवर वसतिगृहाबाहेर ते फोन म्हणजे नुसती घड्याळं.

शहर सुंदर होतं म्हणे. मला फारसं दिसलं नाही, कारण मी काकूंवर लक्ष ठेवत होते. ट्राममध्ये त्या तिकीट तपासनिसाच्या तोंडात जवळजवळ डोकावल्या. चौकातल्या उंच घड्याळाचे सगळे फोटो काढत होते, तेव्हा काकू बाकावरच्या एका आजीबाईंकडे बघत मला म्हणाल्या, "वरची सैल झालीय बघ, बोलताना जिभेनं सावरतेय." मी म्हटलं, "काकू, देवाशपथ, आज तरी नको." मग जरा वेळानं हळूच, "पण रंग झकास जमवलाय हं हिरड्यांचा."

दुपार कलली तशी थंडी वाढली. माझा कोट घरून आणलेला, म्हणजे शोभेचा. चौकातच एक कपड्यांचं मोठं दुकान होतं, वर जायला मधोमध उघडा जिना. खाली मी हातमोजे घेतले आणि दुकानाचं नाव छापलेली ती पिशवी सवयीनं काकूंच्या हातात दिली. हो, सवयीनं. दोन वर्षं माझ्या पिशव्या त्याच धरायच्या.

"मी वर कोट बघते. येताय?"

"जिना नको गं बाई, गुडघा बोलतोय. मी इथं काचेशी उभी राहते. शेजारी चहाचं दुकान आहे, माणसं बघते."

माणसं म्हणजे तोंडं. मी वर गेले. तिसरा कोट अंगात अडकला होता, एक हात बाहीत आणि दुसरा कुठं ते मलाच माहीत नव्हतं, तेवढ्यात खालून आवाज आला. सगळं दुकान वळून बघेल असा.

"ए चिमट्या! येते गं मी!"

मला वाटलं, गुडघ्याचं मन वळलेलं दिसतंय. मी कोटाच्या आतून ओरडले, "या!"

आणि वाट बघत बसले. काकूंना जिना चढायला वेळ लागतो, म्हणून कोट घालून आरशासमोर फिरून घेतलं. मग कठड्यावरून वाकून पाहिलं. जिन्यावर कुणी नव्हतं. काचेशी कुणी नव्हतं. मी कोट तिथंच टाकून खाली धावले.

पहिल्यांदा मला राग आला. नेहमीचाच. आता कुणाच्या तरी तोंडात नाक खुपसून बसल्या असतील, म्हणून मी तिन्ही मजले पालथे घातले, कपडे बदलायच्या खोल्यांचे पडदे सरकवले, त्याबद्दल दोन बायकांच्या शिव्या खाल्ल्या. शेजारच्या चहाच्या दुकानात पाहिलं. संडासाच्या दारावर थापा मारल्या. चौकाला एक फेरी मारून पुन्हा दुकानाच्या दारात आले. काकू नाहीत.

गल्ल्यावरच्या मुलीला सांगायला गेले तर शब्द सापडेनात. मला इथल्या भाषेत मेण येतं, प्लास्टर येतं, दाढ येते. 'तपकिरी स्वेटर घातलेली ठेंगणी बाई' येत नाही. मी हातानं उंची दाखवली. तिनं मान डोलावली, प्रेमानं माझा हात धरला आणि मला नेलं कुठं, तर हरवलेली मुलं बसवतात त्या बाकाशी. तिथं एक रडका पोरगा बसला होता. मी म्हटलं, हा नाही, मोठी, मोठी! मग ती मला मोठ्या मापाच्या कपड्यांकडे घेऊन गेली. दुसऱ्या कुणाला झालं असतं तर हसून माझा जीव गेला असता.

बाहेर उजेड उतरत होता. काकूंजवळ पत्ता नव्हता, तो माझ्या खिशात. इथल्या भाषेचा एक शब्द नव्हता. संस्थेचं नावही त्या धड उच्चारू शकत नव्हत्या. चौकात ट्रामा येत होत्या, माणसं ओतत होत्या, माणसं उचलून नेत होत्या, आणि त्यातलं प्रत्येक तपकिरी मला काकू वाटत होतं. मागच्या वर्षीचा तो मुलगा मला सारखा आठवायला लागला. तो आपल्या पायांनी गेला होता. काकू कशा गेल्या होत्या ते मला माहीत नव्हतं.

लंबू आणि त्याचा जोडीदार ट्रामच्या थांब्याकडे जाताना दिसले. मी हाक मारली. सगळं सांगितलं.

लंबूच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, दिवे लागायला आलेत! चल आधी."

"आणि काकू?"

"सरांना सांगू. ते पोलिसांना कळवतील."

"कळवलं की संपलं ना त्यांचं. खुर्ची गेली."

"आणि तू थांबलीस की तुझंही संपेल. तू राहून त्या काय सापडणार आहेत? एकीचं वाटोळं पुरे झालं. चल म्हणतो ना!"

तो बोलला ते बरोबरच होतं. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा मला नेहमीच राग येतो, पण त्या वेळी रागाचंही बळ उरलं नव्हतं. मी त्याच्यामागून ट्रामच्या पायरीवर चढले. माझ्या मागे एक बाई चढत होती. ती खाली उभ्या असलेल्या कुणाला तरी निरोपाचं काहीतरी म्हणाली, खालच्यानं हात हलवला. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

येते गं मी. या.

काकू वर येत नव्हत्या. काकू निघाल्या होत्या! निघताना त्या दुसरं काही म्हणतच नाहीत. दोन वर्षं मी त्याची टिंगल केली, आणि नेमकी ज्या दिवशी कळायला हवी त्या दिवशी मी ती हाक कोटातून ऐकली. त्यावर मी "या" म्हटलं. म्हणजे त्यांच्या हिशेबानं त्या सांगून गेल्या, मी हो म्हटलं, सगळं रीतसर झालं. आणि ही बाई 'येते' म्हणाली की येतेच. जिथून म्हणाली तिथंच येते.

मी पायरीवरून उडी मारली. लंबू दारातून ओरडला, "वेडी आहेस का?" ट्राम गेली.

रस्त्यावरचे दिवे लागले. एकदम सगळे. तिकडे हजेरी सुरू झाली असणार. दुकानातली मुलगी बाहेर आली, तिनं लोखंडी पडदा खडखडत खाली ओढला आणि माझ्याकडे जरा वेळ बघून निघून गेली. मी पडद्याला पाठ लावून उभी राहिले. थंडीनं बोटं वळेनात, आणि हातमोजे काकूंजवळ. मला रडू आलं. रागानं आलं असं मी स्वतःला सांगितलं, पण ते खरं नव्हतं. मला भीती वाटत होती. त्यांना काही झालं तर मी त्यांच्या मुलाला काय सांगणार? त्या येते म्हणाल्या, मी या म्हटलं?

चौक रिकामा होत आला तेव्हा त्या दिसल्या. पलीकडच्या फुटपाथवरून, एका म्हाताऱ्याच्या हातात हात घालून, वरातीतून चालावं तशा संथ. दुसऱ्या हातात माझी पिशवी.

मी रस्ता कसा ओलांडला ते मला ठाऊक नाही. "कुठं गेला होतात? कुठं तडफडला होतात तुम्ही?" हे मी इतक्या मोठ्यानं म्हणाले की तो म्हातारा दोन पावलं मागं सरला.

काकूंचे डोळे मोठे झाले. "अगं, ओरडतेस काय? सांगून नाही का गेले? येते म्हणाले, तू या म्हणालीस."

मी म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं.

"हे आजोबा त्या चहाच्या दुकानात बसले होते," काकू म्हणाल्या. "कवळी काढून कागदात गुंडाळून बशीशेजारी ठेवली, चहा प्यायला आणि निघाले तसेच. तो पुसायला आलेला माणूस कागद गोळा करत होता. कचऱ्यात जाणार होती गं! कागदाचा तसा बोळा दुसऱ्या कशाचा होतच नाही. मी उचलली आणि पळाले. हे ट्राममध्ये चढले, मी चढले. हातात देईपर्यंत ट्राम सुटली."

"मग पुढच्या थांब्यावर उतरून मागं यायचं!"

"परतीची गाडी दुसऱ्याच रस्त्यानं जाते म्हणे. म्हणे म्हणजे काय, त्यांनी हातानं असं गोल दाखवलं. मी तुझी पिशवी दाखवली, त्यांनी नाव वाचलं आणि माझा हात धरून निघालेच चालत. पाय बघ त्यांचे. सोडून कसं पळायचं?"

आजोबांनी माझ्याकडे बघून दात दाखवले. वरचे, खालचे, सगळे. मग काकूंच्या हाताची पाठ थोपटली आणि आले तसे संथ निघून गेले. "खालची सैलच आहे," काकू पुटपुटल्या. मग त्यांचं लक्ष वर, दिव्यांकडे गेलं. माझा हात त्यांनी घट्ट धरला. "हजेरी झाली का गं?"

मी त्यांना ट्रामच्या थांब्याकडे ओढलं. ट्राममध्ये त्यांनी माझ्या हातांत मोजे चढवले.

वसतिगृहाच्या दारात सर होते. शेजारी संस्थेच्या मुख्य बाई, हातात चष्मा. सरांनी दोघींकडे बघून मोठा श्वास सोडला, पण चेहरा काही सुटला नाही. बाईंनी शांतपणे विचारलं, काय झालं. त्यांचं शांत असणं मला आवडलं नाही.

मी सांगायला लागले. आयुष्यात इतकं जीव तोडून मी कुठलीही भाषा बोलले नसेन. ती मला म्हणाली, 'मी येत आहे.' मी तिला म्हणाले, 'ये.' बाईंनी चष्मा लावला. "आणि मग ती आली?"

"नाही. मग ती गेली."

"तू ये म्हणालीस, म्हणून ती गेली?"

"हो. आमच्याकडे तसंच म्हणतात."

"मग तुमच्याकडे कुणी जातं तेव्हा काय म्हणतं?"

"येते म्हणतं."

"आणि येतं तेव्हा?"

सरांनी कपाळाला हात लावला. जे आमच्या घरातल्या चार वर्षांच्या पोराला कळतं ते या बाईंना कसं सांगावं? कवळीची गोष्ट सांगितली, तीही त्यांना खोटी वाटली. नसती वाटली तरी त्यांनी तेच केलं असतं. त्या म्हणाल्या, कारण चांगलं आहे की वाईट हे मी ठरवू लागले तर मागच्या वर्षीसारखं पुन्हा होईल. दोघीही हजेरीला नव्हतात, दोघीही परत.

काकूंना भाषा कळली नाही, पण बाईंचं तोंड त्या बघत होत्या. त्यांनी सरांना विचारलं, "दोघी?" सरांनी मान हलवली.

"तिला का? सर, तुमचाच नियम ना? शेवटचं पाहिलं तिथं थांबायचं. पोर थांबली. थंडीत थांबली. हलले मी. सांगा त्यांना."

"काकू, गप्प बसा तुम्ही," मी म्हणाले. "या मी म्हटलं होतं!"

"सर, सांगा."

सरांनी सांगितलं. बाईंनी विचार केला. थांबायचा नियम त्यांनाही मान्य होता, आणि तो मी पाळला होता. मी राहिले. काकूंचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं.

सकाळी मला जाग आली तेव्हा काकूंनी पलंगावरची चादर काढून घडी घातली होती. बॅग भरून दाराशी उभी. खुर्चीबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही, आणि तेच माझ्या जिव्हारी लागलं. दोन वर्षं मी म्हणत होते, काकू, ती खुर्ची पुरे आता. त्या दिवशी त्यांनी खुर्चीची कितीही टकळी लावली असती तरी मी ऐकली असती.

खाली टॅक्सीनं हॉर्न दिला. त्यांनी बूट चढवले, स्वेटर सारखा केला, बॅग उचलली.

"बरं, जाते मी," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय म्हणालात?"

"जाते म्हटलं. स्पष्ट बोलावं माणसानं. उगाच घोळ नको."

त्या उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकत होत्या. मी त्यांचा दंड धरला आणि आत ओढलं. जोरातच ओढलं असणार, कारण बॅग खाली पडली.

"बूट काढा."

"अगं, विमान—"

"बूट काढा म्हणते ना! बसा तिथं."

काकू त्या उघड्या गादीवर बसल्या. बूट काढले. मी पेल्यात पाणी ओतून पुढं केलं. घाईत अर्धं त्यांच्या मांडीवर सांडलं. दोन्ही हातांनी पेला धरून घोट घोट सगळं पाणी प्यायल्या. खाली हॉर्न वाजत होता, सर जिन्यातून हाका मारत होते.

"आता नीट सांगून निघा," मी म्हणाले.

त्यांनी बूट घातले, नाड्या सावकाश बांधल्या, बॅग उचलली आणि उंबऱ्याशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"येते गं मी."

"या," मी म्हटलं.

बॅग पायरीपायरीवर आपटत खाली गेली. टॅक्सीचं दार लागलं. सरांनी मला हाक मारली, कामाला उशीर होतोय म्हणाले. मी उंबऱ्यातून हलले नाही. शेवटचं पाहिलं तिथंच थांबायचं, असा नियम होता.